खिडकीजवळचा प्लग

मोबाइलच्या दुकानाच्या काचेत रिकामा स्टँड होता आणि त्यावर पाटी, ‘लवकरच येत आहे’. न आलेल्या वस्तूसमोर थांबून माणसं फोटो काढत होती. आधी येऊ तर दे, असं मनात आलं आणि बाबा आठवले.

मी शाळेत असताना घरी वापरायच्या एका कॉम्प्युटरची जाहिरात पेपरात सारखी यायची. तो अजून बाजारात यायचा होता, पण म्हणे मुलांचा अभ्यास घेणार, पत्रं लिहिणार, गाणीही वाजवणार. “चित्र छापायला काय जातं?” म्हणत बाबा पेपरची घडी घालायचे. त्याच आठवड्यात त्यांनी वायरमनला बोलावून खिडकीजवळच्या टेबलाशेजारी नवा प्लग बसवून घेतला. आईने विचारलं, तर म्हणाले, “इस्त्रीला लागेल.”

तो कॉम्प्युटर कधीच आला नाही. इस्त्री आई आतल्या खोलीतच करत राहिली. त्या टेबलावर मी दप्तर ठेवलं, की बाबा मात्र कितीतरी दिवस ते उचलायला लावायचे.

परवा घराला रंग देताना रंगारी म्हणाला, “हा प्लग वापरात दिसत नाही. बुजवून टाकू का?”

“राहू दे,” मी म्हणालो. “इस्त्रीला लागेल.”