रुमालाखालचा हात

पेंडीच्या दुकानात येणाऱ्या चौकश्यांना उत्तरं द्यायला भाचीने माझ्या फोनमध्ये ते एआयवालं यंत्र घालून दिलं. सरकी पेंड आहे का, पोतं घरपोच मिळेल का, असल्या प्रश्नांना ते माझ्यापेक्षा गोड बोलतं. माझी जीभ तिखट आहे हे जुन्या जालन्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याच जोरावर शेळ्या राखणारी पोर इथे गल्ल्यावर येऊन बसली.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी यंत्राला म्हटलं, "गोष्ट लिही. वाटूरच्या बाजारात सौदा करणारा यांत्रिक हात आलाय. कुणीतरी तो बनवलाय."

क्षणात गोष्ट तयार. तरुण शास्त्रज्ञ, डोळ्यांवर चष्मा, टेबलावर तारांचा गुंता. आणि दारात चहाचा कप घेऊन एक बाई. तिला नाव नव्हतं, बोलणं नव्हतं.

या बाईला मी ओळखत होते. पूर्वी एकदा मीच तिला दारात उभं केलं होतं.

मी तरुण होते तेव्हा बाजारात शेळीचा भाव तोंडाने होत नसे. दोघांचे हात एका रुमालाखाली जात, बोटं दाबून आकडा सांगितला जाई, भोवतालच्यांना पत्ता लागत नसे. परक्या माणसाच्या हातात बाईने हात कसा द्यायचा, म्हणून बाईला सौदाच नव्हता. माझ्या दोन शेळ्या मी पाला तोडून वाढवलेल्या, पण रुमालाखाली हात गेला तो भावाचा. मी शेजारी उभी राहून त्याच्या कोपराकडे बघत होते. सौदा कमी भावात उरकला, हे त्याची मान खाली गेली त्यावरून कळलं.

त्या रागात मी वहीत एक गोष्ट लिहिली. बारावी झाली होती, वाचनालयातल्या विज्ञानकथा सगळ्या वाचून काढल्या होत्या. माझ्या गोष्टीत वाटूरची एक बाई रबराचा हात बनवते. तो हजार हातांची बोटं चाचपून सौदा शिकतो. रुमालाखाली तो कुणाचा आहे, कुणालाच कळत नाही.

वही घेऊन मी एका दिवाळी अंकाच्या संपादकांकडे गेले. त्यांनी तिथल्या तिथे वाचली.

"कल्पना झकास आहे, बाई. पण ही तारा जोडायला शिकली कुठं? वाचक विचारतील."

"बाप्या कुठं शिकला, ते न्हाई विचारत का?"

ते हसले. "असं करू. गोष्टीत बाई ठेवायची तर तुमच्या भावाच्या नावानं छापू. तुमचं नाव पाहिजे तर शास्त्रज्ञ पुरुष करा. विज्ञानकथेला एक बाई बास झाली."

मी तासभर घासाघीस केली. शेवटी नाव घेतलं आणि बाई दिली. तिथेच बसून, त्यांच्याच पेनाने तिला खोडत गेले. सगळी खोडवेना, म्हणून दारात उभी केली. हात रिकामे दिसायला लागले, म्हणून त्यात चहाचा कप दिला.

अंक आला. माझ्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर, पुढे आडनाव. केदारखेड्याच्या एका मास्तरांचं पत्र आलं, 'दादा, तुमचा हात वाचून थक्क झालो.' वही मागायला गेले तर संपादक हरवली म्हणाले. नाव गेलं, बाईही गेली. त्यानंतर मी कुठल्याच सौद्यात हरले नाही. पण कुणाला चहा द्यायला दारात थांबले की वाटतं, माझ्या मागे अजून कुणीतरी कप धरून थांबलंय.

भाची कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिला यंत्राची गोष्ट दाखवली.

"मावशी, लोकांनी आजवर लिहून ठेवलेलंच वाचून हे शिकलंय. त्यात शास्त्रज्ञ म्हटलं की बाप्येच जास्त."

"मंग त्या ढिगात माझंही पोतं असंल."

"तुझा अंक कुठं पोचतोय तिथवर?"

"माझा नसंल, माझ्यासारखीचा असंल."

मग मी यंत्राशी भांडायला बसले. बाई कर म्हटलं. त्याने माफी मागून बाई केली, पण तिला मेलेल्या नवऱ्याच्या वहीतून कल्पना सुचली. नवरा काढ म्हटलं, काढला. तर तिला शाबासकी द्यायला एक साहेब आला. साहेबही काढायला लावला. मागेन ते देत गेलं, पण माझी ती बाई काही आली नाही. न घासता भाव सोडतो त्याच्याकडे माल नसतो, हे मला कधीच कळायला हवं होतं.

पण मला तरी ती आठवत होती का? तिचा चेहरा आठवेना. गोष्टीचा शेवट आठवेना. वही गेल्यावर ती फक्त माझ्यात उरली होती, आणि आता तिथूनही चालली होती. मला भीती वाटली. अशी भीती मला धंद्यात कधी वाटली नव्हती.

पुढच्या बाजाराला वाटूरला गेले. ओळखीचे एक म्हातारे व्यापारी शेळ्यांपाशी बसले होते.

"चाचा, रुमालाखाली हात द्या."

"आता समदे फोनवर भाव करून राह्यले, आक्का. अन् या वयात लोक काय म्हणतील?"

"कुणाच्या वयात? तुमच्या का माझ्या?"

ते हसले. खांद्यावरचा रुमाल आमच्या हातांवर टाकला. त्यांची खरखरीत बोटं जरा थबकली, मग माझी तीन बोटं दाबली. बाजार आपल्या नादात होता. आतला हात बाईचा की बाप्याचा की रबराचा, वरून कुणाला सांगता आलं नसतं.

तेव्हा आठवलं. माझ्या गोष्टीत शेवटच्या सौद्याला रबराचा हात तिच्या पिशवीतच असतो. रुमालाखाली तिचा स्वतःचा असतो.

"बोला, जमतंय का?" चाचांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं आणि हात काढून घेतला.

आता दुकानात बसून ती गोष्ट पुन्हा लिहिते आहे. पुरी झाली की यंत्रालाही वाचायला देऊ, असं भाची म्हणते. देऊ. सध्या तिचे हात लिहून झालेत, चेहरा अजून येत नाही. लिहिताना दाराकडे बघायचं मी टाळते. काल मात्र दोन कप चहा केला, एक टेबलाच्या पलीकडे ठेवला, आणि तिला खुर्ची ओढून दिली.