गाठ मारण्यापूर्वी

"आधी चांगला पाय दाखवा," लंगडतं कुत्रं आलं की डॉक्टर म्हणत. मालक बुचकळ्यात पडे. डॉक्टर मात्र धडधाकट गुडघा दोन्ही हातांत धरून हळूहळू वाकवत, सरळ करत. तो कसा हलतो हे बोटांना कळलं, की मगच दुखऱ्या पायाला हात.

साठ सालाच्या आगेमागे मुरबाडकडच्या एका बाजारगावी गुरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. यायच्या त्या मुख्यतः म्हशी आणि बैल. कुत्र्याच्या गुडघ्यातला बंध तुटला, तर लोक त्याला तसंच सोडून देत. डॉक्टर त्याच्याच मांडीवरच्या चिवट पडद्याची पट्टी काढून ती तुटक्या बंधाच्या जागी गुडघ्यातून ओवत आणि बांधत. दर वेळी तोच क्रम, तेवढीच पट्टी. गाठ मारण्यापूर्वी पाय दहा वेळा वाकवून बघायचा. मोजायचं काम माझं. शहापूरचे एक साहेब आपल्या विलायती कुत्र्यासाठी "जरा स्पेशल करा" म्हणाले, तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "काल कातकरवाडीतल्या कुत्र्याला केलं तेच करणार. त्याहून चांगलं मला येत नाही."

असा माणूस चुकतो तेव्हा काय होतं, ते मी पाहिलं आहे.

म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेचे दिवस होते. दारात बैलांची रांग लागलेली. धसईपलीकडच्या ठाकरवाडीतल्या सोमीबाईचा कुत्रा, कबऱ्या, टेबलावर होता. ती एकटी राहून शेरडं राखायची. कबऱ्या नसला तर बिबट्या थेट अंगणात. बाहेरून हाकांवर हाका येत होत्या. मी "चार" म्हटलं आणि डॉक्टरांनी गाठ मारली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी टाके घालायला घेतले. मी दोरा पुढे केला.

महिन्याभराने सोमीबाई कबऱ्याला खांद्यावर घेऊन आली.

"पाय टेकवीत नाय, डाक्टर. दोन शेरडं गेली. आमचंच नशीब."

"नशीब नाही, बाई. मी घाई केली. पट्टी सैल राहिली."

सरकारी माणूस असं बोलतो, हे तिने कधी ऐकलं नसावं. ती माझ्याकडे बघू लागली. मी मान खाली घातली.

"पुन्हा करू का? नको म्हणालात तरी तुमचं बरोबर आहे."

तिने कबऱ्याच्या मानेवरून हात फिरवला. "करा. पन आता कोनाची हाक आयकू नका."

त्या दिवशी डॉक्टरांनी दाराला आतून कडी घातली. कबऱ्या पुढे चालू लागला, शेरडांमागे जाऊ लागला. पहिल्यासारखा धावला मात्र कधीच नाही. डॉक्टर दर महिन्याला वाडीवर जाऊन तो पाय बघून येत.

काही वर्षांनी त्यांचा हात थरथरू लागला. एकदा कुत्र्याला भूल द्यायला मी पुढे झालो, तर त्यांनी मला थांबवलं. "आता दर वेळी तसंच होईल असं सांगता येत नाही," म्हणाले, आणि पट्टी ओवायची सुई ठेवून दिली. पुन्हा उचलली नाही. नोकरी संपली तसे गावी गेले.

ते वारल्याचं कार्ड आलं, तेव्हा मी वाडीवर सांगायला गेलो. उन्हं नुकती चढत होती. कबऱ्याही तोवर राहिला नव्हता. सोमीबाईने सगळं ऐकून घेतलं. मग रानाच्या वाटेला लागलेली शेरडं तिने एकेक करून मागे वळवली, गोठ्यात घातली आणि घरातलं कोणी गेल्यासारखी ती उंबऱ्यावर येऊन बसली.