कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर

२००३ साली अमेरिकेत सॅन होजेजवळ शिकत होतो तेव्हा रोज सकाळी मी सायकलने स्टेशनवर जायचो. वाटेत एकच सिग्नल लागायचा. आमच्या गल्लीतून कुणी मोठ्या रस्त्याशी आलं की तो आपोआप हिरवा होतो, असं सगळे कौतुकाने सांगत. गाडी आल्याचं त्याला खरंच कळायचं. मी आल्याचं मात्र कधी कळलं नाही.

सिग्नलच्या आडव्या खांबावर एक छोटा पांढरा कॅमेरा होता. नियम मोडणाऱ्यांचे तो फोटो काढतो, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून मी गाड्या थांबायच्या पांढऱ्या रेषेच्या बराच मागे, फूटपाथला चिकटून, झाडाखाली थांबायचो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. काही गुन्हा नोंदला गेला, व्हिसा गेला आणि परत जावं लागलं, तर नेमकं काय झालं हे आई-बाबांना समजावणंही मला जमलं नसतं.

आमच्या इमारतीतल्या एक काकू त्याच सुमारास मुलीला शाळेत सोडायला निघायच्या. त्यांची गाडी आली की दिवा बदलायचा आणि मी त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडून घ्यायचो. एकदा त्यांनी काच खाली केली.

"काय रे, रोज माझी वाट बघत असतोस का? लिफ्ट हवी तर सांग की. लाजतोस कसला!"

"नाही काकू, सिग्नलसाठी थांबलोय."

"मॉम, वी आर लेट," मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली.

मग शाळांना सुट्टी लागली. माझी परीक्षा त्याच आठवड्यात होती. पेपरच्या दिवशी मी झाडाखाली उभा, गल्लीत एक गाडी नाही, दिवा लालच. ट्रेनचा भोंगा ऐकू आला तेव्हा दोन्हीकडे पाहिलं आणि लाल दिव्यातच सायकल दामटली. ट्रेन मिळाली. पेपर लिहिताना मात्र माझा फोटो आतापर्यंत कुणाच्या टेबलावर गेला असेल, हेच डोक्यात फिरत होतं.

त्यानंतर घरी आलो की आधी पत्रपेटी उघडायचो. पांढरं पाकीट दिसलं की तिथेच उभ्याउभ्या फाडायचो, आणि ते निघायचं पिझ्झाच्या कूपनचं. मग न आलेल्या पत्राचीच जास्त भीती वाटू लागली. ते हरवलं असेल तर? उत्तर द्यायची मुदत टळली असेल तर? शेवटी शहराच्या ऑफिसला स्वतःच फोन करायचं ठरवलं.

माझा नागपूरचा रूममेट हसून लोळायचा बाकी होता. "चोर ठाण्यात फोन करून विचारतो काय बे, मला पकडलं का म्हणून? निदान नाव तरी नको सांगू."

फोन लागला आणि मी सगळ्यात आधी नावच सांगितलं, स्पेलिंगसकट.

वाहतूक खात्यातल्या माणसाने चौक विचारून घेतला. तो कॅमेरा फोटो काढत नाही, म्हणाला. रेषेपाशी कुणी थांबलंय का, एवढंच बघतो आणि दिवा बदलायला सांगतो. त्याला सायकलही दिसते.

"तुम्ही थांबता कुठे?"

"कडेला. झाडाखाली."

"तिथं तर तो बघतच नाही. लेनच्या मधोमध थांबा, रेषेला लागून."

"आणि मी लाल दिव्यात गेलो त्याचं?"

"पुन्हा जाऊ नका."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण गाड्यांच्या जागेत आपण जाऊन उभं राहायचं, या विचाराने रात्रभर नीट झोप लागली नाही. सकाळी मुद्दाम लवकर निघालो. रेषेला पुढचं चाक लावून मधोमध थांबलो. मागून कुणी येईल, हॉर्न मारेल, ओरडेल, असं वाटत होतं. मान वर करून त्या कॅमेऱ्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

दिवा हिरवा झाला. कुणाची गाडी आली म्हणून मी मागे वळून पाहिलं. गल्ली रिकामी होती.