टेबल रिकामं राहू नये म्हणून

आमच्या शेजारची सुलाबाई लोकांच्या पोरांच्या तोंडाचा वास घ्यायची. हसू नका, तिचं कामच होतं ते. सांगलीतल्या एका दवाखान्यात ती आया होती. लढाईचे दिवस, क्लोरोफॉर्मची मारामार. त्यात पोरांचे किडके दात काढायला ऑपरेशनची खोली मिळायची ती फक्त गुरुवारी सकाळी. दुपारपासून ती मोठ्या माणसांची. भरल्या पोटी भूल दिली तर पोर ओकतं, ते छातीत जातं आणि जीव जातो, हे डॉक्टरांनी तिला बजावलेलं. म्हणून उपाशी पोरं ओळीनं बसवायची. एक बाहेर आलं की दुसरं आत. टेबल जरा रिकामं दिसलं की हिचा जीव खालीवर.

घोळ आयाबाया घालायच्या. कुंडलहून, आष्ट्याहून पोर निघालं की तळहातावर दहीसाखर आलीच. वर शपथ, "काय सुदिक घातलं न्हाई." दही म्हणजे शकुन, ते कुठं खाणं! वास आला की सुलाबाई त्या पोराला परत धाडायची.

मी चिडवायचो, "सुलाबाई, माझंबी तोंड हुंगा की."

"तुमचं तोंड बंद करायला लय क्लोरोफॉर्म लागंल. तेवढा सरकारकडं न्हाई."

मग तिच्याच नातीची, अंजनाची, दाढ सडली. गाल लिंबाएवढा सुजला. गुरुवारी पहिला नंबर तिचा. सुलाबाई पहाटेच कामावर गेलेली. पोरीला सुलाबाईचा नवरा केरबा घेऊन आला, सोबत मी.

सुलाबाईनं नातीचं तोंड हुंगलं आणि नवऱ्याकडं बघतच राहिली.

"आवं, काय घातलं हिला?"

"शकुनाचं दही गं. बोटभर."

आत डॉक्टर हात धुऊन उभे. तिच्याशिवाय कुणाला कळलं नसतं.

"साहेब, हिला न्हाई. हिच्या पोटात हाय," म्हणत तिनं ओळीत मागं बसलेली पोर, गुणमाला, आत ढकलली.

"अगं, आपली पोर हाय ती!" केरबा ओरडला.

"आपली हाय म्हणून मारू व्हय? पुढच्या गुरुवारी पयली."

त्या सकाळी टेबल क्षणभरही रिकामं राहिलं नाही. डॉक्टरांनी तिला शाबासकी दिली.

सूज गळ्यात उतरली. पाणीही जाईना. मंगळवारी अंजना गेली.

गुरुवारी सुलाबाई सुतकातच कामावर गेली. गल्लीनं नाकं मुरडली. केरबानं तिला परत आणायला मला पाठवलं. तो स्वतः त्या दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हता.

ती दारातच होती. आतून नर्सनं विचारलं, "पहिलं कोण?"

सुलाबाईनं ओळीकडं पाहिलं. ओळीतली पहिली जागा तिनं मोकळी ठेवली होती. मी पुढं झालो.

"सुलाबाई, घरी चला."

"सरका बाजूला. टेबल रिकामं हाय."

तिनं दुसऱ्या जागेवरच्या पोराला जवळ ओढलं, त्याचं तोंड हुंगलं, आणि त्याला आत ढकललं.