सीडीचा खण

गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकेत कुणी फोनवर बोललं की माझं डोकं फिरतं. पण समोरच्या टेबलावरच्या त्या मुलीला मी परवा काहीच बोललो नाही. तिचं नाव मला अजूनही माहीत नाही.

ती सी भाषेत एक प्रोग्राम लिहीत होती. इथे लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक खिडकी उघडायची, तिच्यात कमांड टाइप करायची, आणि ती कळवणला घरी ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरने पाळायची, असा तिचा बेत. प्रोग्राम सुरू करण्याआधी ती बोट ओढणीला पुसायची, एंटर दाबायची आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत बसायची. कधी खिडकी उघडायचीच नाही, कधी उघडून लगेच गायब व्हायची.

"आजही बंद पडली का?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"पडली ना. पण उघडली तरी! काल उघडतबी नव्हती," ती हसत म्हणाली.

भरतीच्या परीक्षेत दोनदा आपटलेला मी ते वाक्य घेऊन घरी गेलो.

परवा खिडकी उघडी राहिली. तिने घाईघाईने आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि घरच्या कॉम्प्युटरला सीडीचा खण उघडायची कमांड पाठवली.

"अगं बाई, खण बाहेर आला!" फोनमधून आई ओरडली. "मी हातबी लावला नाय!"

सगळी अभ्यासिका वळून बघत होती. तिला त्याचं भानच नव्हतं.

"मी लावला, आई," ती म्हणाली.