जगनने दिलेला नंबर

फोनवर जगनचं नाव दिसलं आणि उचलता उचलताच मी म्हणालो, "नही भो, शोभाले मी परत लेनार नही!"  पलीकडून त्याची मुलगी हर्षा म्हणाली, "काका, बाबा गयात..." त्याला जाऊन आता दीड महिना झाला. मला अजून एका जागी बसवत नाही.

शोभाची भानगड सांगायलाच हवी. आमच्या जिल्ह्यात मुलींच्या बास्केटबॉलची लीग चालते. म्हसावदचा संघ जगन पाटील बघायचा, रनाळ्याचा मी बघतो. दहावी झालेल्या नव्या मुली कुठे खेळणार, याची निवड दर उन्हाळ्यात होते. पहिल्या फेरीत प्रत्येक संघाचा एक नंबर, म्हणजे मुलगी निवडायची एक पाळी, आणि जो संघ लीगमध्ये शेवटी राहिला त्याचा नंबर सगळ्यात आधी. ही पद्धत जगननेच आणली. पहाटे केळीला पाणी सोडून तो बांधावर येरझाऱ्या घालत मोबाइलवर अमेरिकेतले सामने बघायचा. तिकडचे संघ पुढच्या वर्षाचा नंबर देऊन आज खेळाडू घेतात, हे त्याला कळलं आणि आमची झोप उडाली. लग्नाच्या पंगतीत माझ्या तोंडात घास असताना हा कानाशी लागायचा, "तुन्हा पुढला वरीसना नंबर दे, मन्ही डावखोरी पोर लई जाय." निवडीच्या दिवशी त्याच्यासाठी लाल खुर्ची मांडलेली असे. तो तिच्यावर कधी बसला नाही. मागे उभा राहून तिची पाठ धरायचा आणि सारखी हलवायचा. मी वैतागून म्हणायचो, "बस ना रे एक जागा!" त्यावर त्याचं ठरलेलं, "बशीसन काय व्हई?"

तिकडचाच एक नियमही त्याने आणला होता. पहिल्या फेरीचा नंबर लागोपाठ दोन वर्षं कोणी देऊन टाकायचा नाही. आजच्या हौसेपायी उद्या गावातल्या पोरींचं वाटोळं व्हायला नको, असं तो म्हणायचा. एरवी तो स्वतः नंबर देणाऱ्यातला नव्हताच, गोळा करणाऱ्यातला. सामना हरला की मिशीत हसायचा, "पुढला वरीसले देखजो."

असा माणूस दिवाळीत माझ्या अंगणात आला आणि म्हणाला, "शोभा दे. मन्हा पुढला नंबर ले." शोभा आमची सगळ्यात जुनी खेळाडू, पण गुडघा गेलेला. मला वाटलं, चेष्टा करतोय. मग हाव सुटली आणि मी त्यानंतरच्या वर्षाचाही नंबर मागितला. तो एकदम उखडला. "तो नही भेटाव. नियम शे." जिल्हाभर लोक त्याला हसले. म्हसावद शेवटी राहणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं, आणि राहिलंच. म्हणजे निवडीतलं पहिलं नाव आता मी घेणार होतो.

तो गेल्यावर कळलं, की दिवाळीआधी मोटारीचे पार्ट आणायला म्हणून तो सुरतेला जायचा, ते खरं तर दवाखान्यात. आणि यंदा निवडीला उभ्या राहणाऱ्या मुलींमध्ये त्याची हर्षा होती.

तेव्हापासून डोक्यात भुंगा. पोरगी माझ्या हाती यावी म्हणून त्याने हा सौदा केला? की शोभाच्या जिवावर एकदा जिंकायचं होतं, तेवढंच? मेल्या, सांगून तरी जायचंस! आमच्या मुलींना अक्कलकुव्याकडची उंच सविता हवी होती, आणि त्यांचं चूक नव्हतं. सविता आली तर आम्ही जिंकू, हे मलाही दिसत होतं. निवडीच्या दिवशी मैदानात पोचलो तरी माझं ठरलेलं नव्हतं.

लाल खुर्ची कोणीतरी मांडून ठेवली होती. हर्षा मला कोपऱ्यात गाठून म्हणाली, "काका, माले दया करीसन नका ल्या." आवाज थरथरत होता, नजर नाही. मला रडूही आलं आणि रागही आला.

"कसानी दया?" मी म्हणालो. "तुन्हा बापनी मन्हाकडथून गुडघा गयेल खेळाडू लिधी आनि हाऊ नंबर दिधा. पक्का सौदा शे. आते मी कोनले लेस, ते मी देखसू."

पहिलं नाव मी हर्षाचं घेतलं. मागून आमच्या मुलींची कुजबुज ऐकू आली. जगन म्हणायचा ना, बघू पुढच्या वर्षी.

हर्षा आमच्या बाजूला आली. मी जगनची खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही. मागे जाऊन तिने खुर्चीची पाठ धरली आणि विचारलं, "काका, पुढला वरीसना म्हसावदना नंबर कोनाकडे शे?"

"म्हसावदकडेच," मी म्हणालो. "तुन्हा बापनी दिधा नही."

ती खुर्ची हलवू लागली. निवड संपेपर्यंत खुर्ची हलत राहिली, आणि यंदा मी कोणाला बस म्हणालो नाही.