पाय न टेकणारे गृहस्थ

परळच्या सिग्नलजवळ मी सकाळी बसची वाट पाहत उभा असतो. एकदा एक उंच, धिप्पाड मोटारसायकल फुटपाथला खेटून थांबली आणि वरच्या गृहस्थांनी सरळ माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एक मिनिट हं, साहेब. पाय टेकत नाहीत."

खरंच टेकत नव्हते. वय पन्नाशीचं, उंची जेमतेम पाच फूट, अंगात इस्त्रीचा शर्ट, पाठीला डब्याची पिशवी. सिग्नल सुटला तसे "थँक्यू" म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. बस आली तरी त्यांचा सिग्नल सुटेपर्यंत मला हलता येईना.

"दोन वर्षं अभ्यास केला," एकदा ते म्हणाले. "इंजिन, मायलेज, घाटातला चढ, सगळं पाहिलं. स्वतःचे पाय तेवढे मोजायचे राहिले."

"मग विकून टाका की."

"छे! लडाखसाठी घेतलीय. तिथे कुठे सिग्नल असतात?"

पुढे महिनाभर ते दिसले नाहीत. पडलेबिडले की काय, म्हणून मी काळजीत. मग एका सोमवारी गाडी आली. हँडलवर एक उंच बाई होत्या, दोन्ही पाय रस्त्यावर भक्कम रोवून. मागे त्यांना धरून हे.

"आमची मिसेस. महिन्यात शिकली," ते खुशीत म्हणाले. "गाडी बरोबरच निवडली होती हो. मीच चुकीच्या सीटवर बसत होतो."

सिग्नल सुटला. मान वर करून, नवख्या पाहुण्यासारखे परळचे टॉवर न्याहाळत ते निघून गेले.